भावोजींचा निकाल

थोरल्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या घरात मुलाबद्दल एकच वाक्य फिरत होतं : बोलतो कमी, पण बोलतो ते खरं बोलतो. त्यातलं पहिलं अर्धं साफ खोटं निघालं. दुसऱ्या अर्ध्याचे भोग आम्ही सगळे आजतागायत भोगतो आहोत. ताईनं नवी साडी नेसून 'कशी दिसते' म्हणून विचारलं, तर भावोजी खरं सांगतात. मग दोन दिवस ताई त्यांच्याशी बोलत नाही आणि ते माझ्या दुकानात येऊन बसतात.

आमच्या दोन दुकानांत एकच भिंत आहे. त्यांचं सायकल दुरुस्तीचं, माझं कपडे दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करणं, सैल झालेलं घट्ट करणं, घट्ट झालेलं सैल करून वर 'कापड आटलं असेल हो' असं गिऱ्हाइकाचं समाधान करणं, ही माझी कामं. चेन दोघांच्याही धंद्यात आहे, त्यांची तेवढी तेलकट. दुकानांसमोर उताराची गल्ली आहे, त्यामुळे ब्रेक दुरुस्त करून घेतलेलं गिऱ्हाईक तिथल्या तिथे परीक्षा देऊन जातं.

कार्बनची सायकल पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा भावोजींनी ती एका बोटावर उचलली, मालकाकडे दयेनं पाहिलं आणि हे खेळणं किती दिवस टिकेल असं विचारलं. पुढे सगळ्या हौशी मंडळींकडे तीच दिसायला लागली, आणि मग एक दिवस एक फोटोवाला हात गळ्यात बांधून आला. दुसऱ्या हातात पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचे दोन तुकडे होते. आदल्या दिवशी त्यानं स्वतः सायकल धुतली होती, पुसली होती, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. एका साध्या खड्ड्यात तिनं हात सोडून दिला. भावोजींनी ते तुकडे मागून घेतले आणि गल्ल्याशेजारी ठेवले. जेवायला उठायचं झालं तरी ते तुकडे हातात असायचे.

शेवटी त्यांना जे कळलं ते त्यांनी जेवताना आम्हाला सांगितलं. लोखंड मार खाल्ला की वाकतं, कुरकुरतं, माणसाला आधी सूचना देतं. कार्बन तक्रार करत नाही. आतले पापुद्रे एकमेकांपासून सुटले तरी वरून ते गुळगुळीत आणि हसतमुख, आणि मोडतं तेव्हा एकदम मोडतं. "काही माणसं असतात अशी," ताई म्हणाली. भावोजींनी विचार करून सांगितलं की आपल्या घरात तसं कुणी नाही, आपल्याकडे सगळे आधीपासूनच कुरकुरतात.

तेव्हापासून त्यांचा हा दुसरा उद्योग सुरू झाला. कुणाला जुनी कार्बनची फ्रेम विकत घ्यायची असली की आधी ती भावोजींना दाखवायची, असा सायकलवाल्यांमध्ये रिवाजच पडला. फ्रेम हातात घेण्याआधी ते विकणाऱ्याला गप्पांत घेतात, का विकतोस, कुठे टांगून ठेवायचास, गाडीच्या टपावरून कधी नेलीस का. 'पडली होती का' हे सरळ कधीच विचारत नाहीत, कारण त्याला सगळे नाही म्हणतात. मग ओल्या फडक्यानं पुसून, सीटखाली आणि पेडलच्या सांध्यापाशी तिरपा टॉर्च धरून बघतात. मग माझ्याकडून नेलेला सॅटिनच्या अस्तराचा तुकडा नळीवरून हलकेच ओढतात. कुठे बारीक धागा वर आला असला तर सॅटिन तिथे अडकतं. आणि सर्वांत शेवटी नाणं.

नाणं म्हणजे सोहळा. "मेहुणीबाई, मशीन," अशी भिंतीपलीकडून हाक आली की मी पाय थांबवायचा. समोरचा चहावाला रेडिओ बंद करायचा. मग भावोजी मान तिरकी करून नळीवर इंच इंच नाणं वाजवत जायचे. धडधाकट कार्बन टक् टक् वाजतं, नखासारखं कोरडं. आत पापुद्रा सुटला असेल तिथे आवाज बसतो, थप् होतो. पूर्ण फ्रेम वाजवून झाली की निकाल एका शब्दात, जिवंत किंवा मेली. त्यावर अपील नाही. मेली म्हटल्यावर ते मालकाला विचारतात, कापू का? कारण मेलेली फ्रेम रंग मारून तिसऱ्याच्या गळ्यात बांधणारे लोक असतात, आणि तिसऱ्याला भावोजींचा पत्ता ठाऊक असेलच असं नाही. बहुतेक लोक हो म्हणतात. मागच्या अंगणात अशा कापलेल्या फ्रेमचा ढीग आहे. त्यातल्याच एका नळीवर माझ्या दुकानातले कपडे टांगलेले असतात.

तर अशा या माणसाच्या दुकानात मागच्या वर्षी साथ आली. येईल ती फ्रेम मेली. डॉक्टरची मेली, डॉक्टरच्या मित्राची मेली, बेकरीवाल्यानं हौसेनं आणलेली निळीशार फ्रेम, जी बघून मलासुद्धा सायकल शिकावीशी वाटली होती, तीही मेली आणि करवतीखाली गेली. लोक कुजबुजायला लागले. म्हातारा फार घाबरट झाला म्हणे. चहावाल्यानं तर गल्लीच्या तोंडाशी 'पुढे स्मशान आहे' अशी पाटी लावायची तयारी दाखवली. भावोजी म्हणायचे, बाजारात मालच वाईट येतोय, त्याला मी काय करू.

मला शंका आली ती वेगळ्याच गोष्टीवरून. एका सकाळी मी जाडजूड जीन्सवर शिवण घालत होते, मशीन ट्रॅक्टरसारखं ओरडत होतं, आणि मधल्या भिंतीतल्या खिडकीतून पाहते तर भावोजी मान तिरकी करून नाणं वाजवताहेत. मला कुणी थांबवलंच नव्हतं. मी मुद्दाम मशीन चालू ठेवलं. त्यांनी पूर्ण फ्रेम वाजवली, मान हलवली आणि मेली म्हणून सांगितलं.

ताईला जाऊन सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. ताईनं जन्मभर वाचनालयात नोकरी केली. 'हळू बोला' हे दोन शब्द तिनं इतक्यांदा म्हटलेत की झोपेतही म्हणते. तीच ताई हल्ली घरात ओरडून बोलत होती, आणि मला वाटत होतं निवृत्तीचा परिणाम. तिनं मला बजावलं, त्यांना यातलं काही बोलायचं नाही. "त्यांच्याकडे दुसरं आहे काय?" ती म्हणाली. "तो एक शब्द आहे त्यांचा. तो गेला तर माणूस बसल्या जागी विरघळेल. सगळ्या फ्रेम मेल्या म्हणतात ना, म्हणू देत. त्यानं कुणाचं डोकं फुटत नाही." मला ते पटलं नाही, पण थोरल्या बहिणीपुढे मी आजवर जिंकलेली नाही.

आणि मग भिंगरी फ्रेम घेऊन आली.

भिंगरी म्हणजे माझी भाची, भावोजींची एकुलती एक लेक. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून नावच ते पडलं. दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि संध्याकाळी सायकलवर बसून स्वतःचं तोंड वाऱ्यात उघडं टाकते. त्या वर्षी तिला तिच्या क्लबनं घाटाच्या शर्यतीसाठी निवडलं होतं. एका बाजूनं घाट चढायचा, दुसऱ्या बाजूनं उतरायचा. तिची अॅल्युमिनियमची सायकल चढावर बैलगाडीसारखी चालायची, म्हणून तिनं एका गणिताच्या मास्तरांकडून जुनी कार्बनची फ्रेम आणली होती. मास्तरांचे गुडघे गेले होते, फ्रेम मात्र ठणठणीत आहे असं ते शपथेवर सांगत होते. काळी, वर लाल रेघ. भिंगरी ती फ्रेम तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आली. बापाकडे दाखवल्याशिवाय तिच्यावर बसायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठीच माझा तिच्यावर जीव आहे.

भावोजींनी लेकीलाही इतर गिऱ्हाइकांसारखं समोर उभं केलं. पुसणं झालं, टॉर्च झाला, सॅटिन झालं. मी माझ्या मनानं मशीन थांबवून दारात येऊन उभी राहिले. नाणं वाजायला लागलं आणि पुढच्या मोठ्या नळीवर येऊन थांबलं. पुन्हा तिथेच वाजलं. मला दारातून स्वच्छ टक् टक् ऐकू येत होतं. भावोजींनी नाणं खिशात टाकलं.

"मेली," ते म्हणाले.

भिंगरीनं हुज्जत घातली नाही. तिचा हा स्वभाव नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. तिनं मान खाली घातली आणि हो म्हणाली, कापा. भावोजींचाही चेहरा पडला होता, पण घरच्याला वेगळा न्याय नाही हे त्यांचं जुनं पालुपद. ते करवत काढायला वळले. मी ताईला हाक मारायला दुकानामागच्या त्यांच्या घरात जाणार, तर ताई आधीच ओट्यावरचं काम टाकून बाहेर आली होती. तिचे हात ओले होते.

"अहो, ती करवत ठेवा," ती म्हणाली. ऐकू न गेल्यामुळे पुन्हा मोठ्यानं म्हणाली. "आणि माझ्याकडे पाठ करा."

भावोजींना वाटलं काही थट्टा आहे. त्यांनी पाठ केली. ताईनं त्यांच्या खिशातलं नाणं काढून घेतलं आणि भिंगरीच्या फ्रेमवर वाजवलं. ही कशी? मेली, सांगितलं ना, भावोजी म्हणाले. मग ताई दोन पावलं सरकली. भिंतीला एक नवीकोरी फ्रेम टांगलेली होती, एका गिऱ्हाइकानं जोडून द्यायला खोक्यातूनच पाठवलेली, आदल्याच दिवशी भावोजींनी स्वतः तिचा कागद काढलेला. ताईनं तिच्यावर नाणं वाजवलं. आणि ही?

"तीच तर आहे. मेली."

"वळा आता," ताई म्हणाली.

ते वळले. ताईचा हात अजून त्या नव्या फ्रेमवर होता. भावोजींनी तिच्या हाताकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं, नाणं घेतलं, जवळ जाऊन वाजवलं. एक कान लावला, मग दुसरा. मग ते स्टुलावर बसले. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. ताईनं आपल्या वाचनालयाच्या आवाजात उत्तर दिलं, मग तिच्या लक्षात आलं, आणि तिला तेच वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगावं लागलं : "वर्ष होत आलं असेल." समोर चहावाला कप विसळता विसळता थांबला. मला रडू आलं. मी रडू आलं की चिडते, म्हणून मी चहावाल्यालाच ओरडले की तुझं दूध उतू जातंय.

पहिली सावरली ती भिंगरी. वय तसं असतं. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, पण डोळे फ्रेमकडे होते. "म्हणजे बाबा, ही चांगली आहे ना?" तिनं मोठ्यानं विचारलं.

भावोजींनी नाक पुसलं. त्यांच्या कानाची एवढी गोष्ट नुकतीच झालेली, आणि त्या माणसानं काय म्हणावं? "माझा कान खोटा ठरला म्हणून फ्रेम खरी ठरत नाही. दुसरा कान आणा."

भिंगरी पुढे झाली तर तिला बाजूला केलं. तुला ती हवी आहे, म्हणाले, ज्याला हवी असते त्याला सगळं टक् टक् ऐकू येतं. ताईनं स्वतःच मान हलवली. तिला लेकीच्या काळजीनं सगळंच मेलेलं ऐकू आलं असतं, करवत, स्टूल, नवरा. उरले मी. मी म्हटलं, मला कापडातलं कळतं, यातलं नाही. "कापडच आहे ते," भावोजी म्हणाले. "कार्बनचे धागे, विणून एकावर एक घातलेले, मध्ये डिंकासारखं चिकट. तुम्ही आयुष्यभर अस्तर कुठे सुटलंय तेच शोधता, आता इथे शोधा."

ती सगळी दुपार माझी शिकवणी चालली. आधी नव्या फ्रेमवर वाजवून घेतलं, का तर जिवंत कशाला म्हणायचं ते कानात बसायला हवं. मग अंगणातल्या ढिगातून पापुद्रे सुटलेली एक जुनी नळी आणून ती वाजवायला लावली. त्यांनी मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. जागोजाग जाडी वेगळी, म्हणून आवाज थोडा बदलणारच, त्यानं घाबरायचं नाही. पण फ्रेमला डावी आणि उजवी असते. एकीकडे जसं वाजतं तसंच दुसरीकडे वाजायला हवं. आणि मग ते म्हणाले, आता तुम्ही वाजवा, मी थरथर कळते का बघायला बोट नळीवर ठेवतो, पण निकालासाठी माझ्याकडे बघू नका.

मी भिंगरीची फ्रेम वाजवायला घेतली. वरची नळी, कोरडी, छान. पुढची मोठी नळी, जिला त्यांनी मेली म्हटलं होतं, तीही ठणठणीत. भिंगरीच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. सीटची नळी, चांगली. मागच्या चाकाकडे जाणारी उजवीकडची खालची नळी, चांगली. मग डावीकडची. पेडलच्या सांध्यापासून वीतभर मागे नाणं आलं आणि आवाज जरासा खाली बसला. फार नाही. मी पुढे गेले, मागे आले. उजवीकडे वाजवलं, मग पुन्हा डावीकडे. कोटाचं अस्तर आतून सुटलं की वरून हात फिरवताना कापड जसं हाताखाली नसल्यासारखं वाटतं, तसं.

भिंगरी माझ्या तोंडाकडे बघत होती. हिच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक मी शिवला आहे. मी मनाशी म्हटलं, एवढासा फरक, कदाचित तिथे जाडी वेगळी असेल, कदाचित माझाच कान. भावोजींना तर ऐकू येत नाही. 'जिवंत' म्हणायचं की सगळे खूश, ताईची काळजी मिटेल, पोर शर्यतीला जाईल. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग मला तो घाटाचा उतार दिसला, आणि माझी इतकी चिडचिड झाली की काय सांगू. इतकी वर्षं मी या माणसाला हटवादी म्हणून चिडवत आले, आणि तो रोज हे असलं गळ्याशी घेऊन बसत होता.

"भिंगरे, इथे मेली आहे गं," मी म्हटलं.

भावोजींनी शाबासकी दिली नाही. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, स्वतः माझा हात धरून नाणं इकडेतिकडे नेलं, आणि प्रत्येक वेळी मी त्याच जागी थांबवलं. मग त्यांनी टॉर्च इतका तिरपा धरला की प्रकाश नळीला घासून जात होता. केसासारखी एक रेघ दिसली. सकाळी त्यांनी ती रंगाचा ओरखडा म्हणून सोडली होती, कारण सॅटिन तिथे अडकलं नव्हतं. ताईनं मास्तरांच्या घरी फोन लावला. मास्तर पुन्हा शपथ घेत होते की सायकल कधी पडली नाही. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, पडली कुठे, गॅरेजात मी गाडी मागे घेताना जरा टेकली होती तेवढंच, तुम्ही उगाच ओरडाल म्हणून बोलले नाही. मास्तर ओरडायला लागले. ताईनं हळू बोला म्हणून फोन ठेवला.

फ्रेम तुझी आहे, काय करायचं ते तू ठरव, असं भावोजींनी लेकीला सांगितलं. भिंगरीनं करवत मागितली. नाकातोंडाला फडकं बांधलं, कारण कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते, आणि भावोजी नळीवर पाणी सोडत राहिले. नळी कापून झाली. कडेला पापुद्रे दिसत होते, आणि एका बाजूला ते उघड्या पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. भिंगरीनं त्या फटीत नख घातलं. ते सहज आत गेलं.

"बाबा, यावरून मी घाट उतरणार होते," ती म्हणाली.

फडक्यातून, अगदी हळू म्हणाली. भावोजींना ते ऐकू गेलं नाही. ते पाण्याची बाटली बंद करत होते. मी तेच त्यांना मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, तर ताईनं माझं मनगट घट्ट धरलं.

शर्यत भिंगरीनं त्या बैलगाडीवरूनच केली. तिचा नंबर शेवटाकडून मोजला तर लवकर सापडेल असा आला. उतारावर मात्र तिनं पुष्कळांना मागे टाकलं, आणि क्लबातल्या पोरांना सांगत सुटली की माझ्या फ्रेमचा बाबांनी डोळ्यांनीच एक्स-रे काढला आहे. भावोजींना कानाचं यंत्र बसलं. बोलणं त्यात बरं ऐकू येतं, पण नाणं वाजवलं की प्रत्येक फ्रेम पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, म्हणून नाणं माझ्याकडेच राहिलं. आता मीच हातातली शिवण टाकून पलीकडे जाते. माझी गिऱ्हाइकं कुरकुरतात. ती कुरकुरतात म्हणजे ती एकदम मोडणार नाहीत, असं भावोजी म्हणतात.

पण त्याआधी एक काम व्हायचं होतं. यंत्र यायच्या आधीच्या एका रविवारी भावोजींनी अंगणातला ढीग उपसला. त्या वर्षात कापलेल्या फ्रेम वेगळ्या काढल्या आणि मला एकेक वाजवायला लावली. मी वाजवायची, ते कापलेल्या कडा भिंगातून बघायचे. बऱ्याच खरोखरच मेलेल्या होत्या, देवाची कृपा. काही नव्हत्या. बेकरीवाल्याची ती निळी फ्रेम आतून बाहेरून इतकी निरोगी होती की भावोजी ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले. मग उठले, स्वतःची सायकल हातानं ढकलत निघाले, आणि मला म्हणाले, चला, मला कान हवा आहे.

बेकरीवाला मागच्या दारी पिठानं पांढरा होऊन उभा होता. भावोजींनी सायकल भिंतीला टेकवली आणि नमनाला घडाभर तेल न घालता सांगून टाकलं, तुमची फ्रेम जिवंत होती, माझा कान गेलेला मला कळला नाही, मी ती कापली, ही माझी सायकल घ्या. त्यानंतर बेकरीवाला जे बोलला ते बरंच होतं. भट्टीसमोर उभ्या माणसाची भाषा तशी गरमच असते. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की बेकरीवाल्याला वाईट वाटलं आहे.

"एवढं लाल तोंड करून माणूस एवढंच बोलला?"

"साधारण," मी म्हटलं.

"मेहुणीबाई, शिव्या गाळल्यात तर चालेल. फ्रेमचं कधी गाळू नका."

हे बेकरीवाल्यानं ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. पिठाचे हात झटकत तो भावोजींच्या सायकलशेजारी जाऊन उभा राहिला. सीट त्याच्या मांडीपर्यंतसुद्धा येत नव्हती. ही घेऊन मी काय करू, गुडघे कानाला लागतील, तो म्हणाला. मग त्यानं आम्हाला गरम पाव दिला, स्वतः एक घेतला आणि खाता खाता सांगितलं की दुसरी एक फ्रेम त्यानं बघून ठेवली आहे, हिरवी. पण आता ती दाखवायची कुणाला? तुमचा कान तर गेला.

हे मी भावोजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पाव चावत माझ्याकडे बोट केलं.

बेकरीवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "या तर माझ्या पँटी आखूड करतात."

"करतात," भावोजी म्हणाले. "आणि मागच्या महिन्यात यांनी स्वतःच्या सख्ख्या भाचीला तोंडावर 'मेली' सांगितलं."

बेकरीवाल्यानं पाव खाली ठेवला, हात पुसले, आणि फ्रेम कधी घेऊन येऊ ते मला विचारलं.